वाळूला बांधलेला दोर

अमेरिकेच्या युटा राज्यात एस्कलान्टे गावापासून आग्नेयेला शंभरेक किलोमीटर कच्च्या रस्त्याने गेलं की रस्ता एका कड्यावर संपतो. कड्याला उभी चीर आहे. तिचं नाव होल-इन-द-रॉक. 26 जानेवारी 1880 या दिवशी मॉर्मन वसाहतकऱ्यांनी या चिरेतून आपल्या गाड्या कोलोरॅडो नदीकडे उतरवायला सुरुवात केली. सुमारे अडीचशे माणसं, 83 गाड्या आणि हजाराहून अधिक गुरं. आधी काही आठवडे सुरुंग लावून त्यांनी चीर रुंद केली होती. एका टप्प्यावर तर पाय ठेवायलाही जागा नव्हती. तिथे कड्याच्या अंगात ओळीने भोकं पाडली, त्यांत ओकचे खुंट ठोकले आणि खुंटांवर झाडोरा-माती टाकून चाकापुरती वाट केली. उतरताना गाड्यांची मागची चाकं साखळ्यांनी जखडलेली असत, आणि गाडीमागे दोर धरून, टाचा रोवून माणसं उभी असत.

दगडात ठोकलेला खुंट आणि दोर धरून टाचा रोवलेला माणूस. याच प्रदेशात आज घळी उतरणाऱ्या लोकांमध्ये जो वाद चालू आहे, तो या दोहोंतल्या निवडीचाच आहे. वाळवंटातल्या अरुंद घळीत दोराने उतरायचं तर दोर कशाला तरी बांधावा लागतो. त्या आधाराला अँकर म्हणतात. ती गोष्ट कायमची दगडात ठोकलेली असावी, की उतरून झाल्यावर खालून ओढून आपल्याबरोबर परत नेता येणारी असावी? गेल्या दोन दशकांत या दुसऱ्या पर्यायाने बरीच मजल मारली आहे. वाळू भरलेलं कापड, पाण्याने भरलेली पिशवी, एका गाठीत खोचलेली वीतभर काडी, एवढ्यावर माणसं वीस-वीस मीटर उतरतात आणि मागे काहीही न ठेवता निघून जातात. हा प्रकार नेमका काय आहे, त्यातून काय साधलं, काय साधलं नाही, आणि तो कुठे योग्य आहे, याचा हा आढावा.

आधी घळ समजून घ्यायला हवी. कोलोरॅडो पठाराच्या या भागातला मुख्य खडक म्हणजे नव्हाहो वालुकाश्म. सुमारे 18-19 कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्यांचं अफाट वाळवंट होतं. त्या टेकड्या थरांवर थर साचून दगड झाल्या. झायन राष्ट्रीय उद्यानात या एकाच थराची जाडी सहाशे मीटरच्या घरात जाते. पुढे सारं पठार वर उचललं गेलं, दगडाला उभे तडे गेले आणि पावसाचं पाणी त्या तड्यांत शिरलं. वर्षात मोजके दिवस पडणारा हा पाऊस पडतो तेव्हा उघड्या कातळावरून सारा एकदम वाहून येतो. बरोबर वाळू आणतो, ओंडके आणतो, धोंडे आणतो, आणि तड्याचा तळ कानशीसारखा घासत जातो. म्हणून या घळी रुंदीला हात पसरण्याइतक्या, कुठे खांदे तिरके करावे लागतील इतक्या, आणि खोलीला तीस-चाळीस मीटर किंवा त्याहून कितीतरी जास्त. बकस्किन गल्च नावाची घळ जवळजवळ 24 किलोमीटर अशी अरुंद चालते.

सांदण दरीतून गेलेल्याला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. साम्रद गावाजवळच्या त्या चिरेतही दोन्ही भिंती अंगावर येतात, तळाला गार पाणी असतं आणि पुढे दोराशिवाय उतरता येत नाही. फरक दगडाचा आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट कठीण आणि घट्ट. त्यात नीट ठोकलेला बोल्ट, म्हणजे दगडात कायमची बसवलेली धातूची मेख, दीर्घकाळ निर्धास्त वापरता येतो. नव्हाहो वालुकाश्म चिमटीत चुरगळतो की काय असं काही ठिकाणी वाटतं. वाळूचे कण एकत्र धरून ठेवणारं सिमेंट पाण्याने सैल होतं. म्हणून पावसानंतर हा दगड वाळेपर्यंत त्यावर चढू नये, असं तिथले आरोहक एकमेकांना बजावत असतात. आणि ज्या जागी बोल्ट लागतो ती बहुधा घळीतली ओली जागाच असते.

दुसरी अडचण रांजणखळग्यांची. हा शब्द आपल्याकडे निघोजमुळे घरोघरी माहीत आहे. कुकडीच्या पात्रात दगडगोट्यांनी गरगर फिरून कोरलेले ते खळगे आपण काठावर उभे राहून बघतो. युटाच्या घळीत त्यांच्यात उतरावं लागतं. खळगा काठोकाठ भरलेला असेल तर पोहून पलीकडची कड धरता येते. पाणी दीड मीटर खाली गेलेलं असेल तर तीच कड डोक्याच्या वर जाते, भिंती गुळगुळीत, पायाला तळ लागत नाही, आणि ऊन कधीच न पोहोचणारं पाणी ऐन उन्हाळ्यातही हाडं गोठवतं. अशा खळग्याला तिथले लोक ‘कीपर’ म्हणतात, म्हणजे माणसाला ठेवून घेणारा. पाणी मागच्या पावसावर अवलंबून, त्यामुळे गेल्या महिन्यात ज्याने ती घळ लीलया पार केली त्याची माहिती या महिन्यात उपयोगी पडेलच असं नाही.

पूर घळीतली वाळूही हलवतो. तळ कधी दोन-तीन मीटर वर येतो, कधी तितकाच खाली जातो. छातीच्या उंचीवर ठोकलेला बोल्ट पुढच्या वर्षी वाळूखाली गाडला जातो किंवा हाताला न लागेल इतका वर राहतो. ओंडके आदळून बोल्ट वाकतात. ज्या चॉकस्टोनला, म्हणजे दोन भिंतींमध्ये अडकलेल्या धोंड्याला, सर्वांनी स्लिंग, म्हणजे पट्टीचा फास, बांधली तो धोंडाच एखाद्या पावसात निघून जातो. मागे ठेवलेली नायलॉनची पट्टी उन्हाने वरून चांगली दिसत आतून कुजते. उंदीर ती कुरतडतात. तेव्हा ‘कायमचा अँकर’ हे शब्द या घळींपुरते फार मोठे आहेत. या विषयावर जेवढं वाचलं त्यातून मला सर्वांत पटलेली गोष्ट ही. जी जागा दर पुरात नव्याने मांडली जाते, तिथे प्रत्येक खेपेला अँकरचा विचारही नव्याने करावाच लागतो, बोल्ट समोर असला तरीही.

सुरुवातीला लोकांनी बोल्ट ठोकले, झाडांना आणि धोंड्यांना वेबिंगच्या पट्ट्या बांधल्या, त्यात लोखंडी कडी घातली, दोर दुहेरी ओवला, उतरले आणि एका टोकाने खेचून घेतला. दोर परत मिळे, पट्टी आणि कडी तिथेच राही. पुढच्या तुकडीला त्या पट्टीचा भरवसा वाटत नसे म्हणून ती आपली नवी पट्टी वर बांधी. होता होता एकेका झाडाला रंगीबेरंगी चिंध्यांचे जुडगे लोंबू लागले. मायकेल केल्सी यांच्या मार्गदर्शक पुस्तकांनी दूरदूरच्या घळी सर्वांना ठाऊक करून दिल्या आणि गर्दी वाढली. आर्चेस राष्ट्रीय उद्यानात तर मागे राहणारी पट्टी दगडाच्या रंगाचीच असावी असं सांगावं लागलं.

गिर्यारोहणात हा प्रश्न आधी येऊन गेला होता. 1972 साली इव्हॉन शुइनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट यांनी आपल्या साहित्याच्या सूचिपत्रात मेखा ठोकणं सोडा आणि भेगेत हाताने बसवून हातानेच काढता येणारे नट वापरा असा आग्रह धरला. त्याच सूचिपत्रात डग रॉबिन्सन यांचा लेख होता. मेखांनी योसेमिटीच्या भेगा फुटत चालल्या होत्या आणि मेखा विकणारा कारखानदार स्वतः हे सांगत होता, म्हणून त्या हाकेला वजन आलं. घळींमध्ये तोच विचार बऱ्याच उशिरा पोहोचला, कारण घळीतली अडचण वेगळी आहे. चढणाऱ्यामागून येणारा जोडीदार नट काढत येतो. घळीत सगळेच खाली जातात. शेवटचा माणूस उतरला की वर कोणीच उरत नाही. अँकर खालून, दोरीच्या एका हिसक्याने सुटला पाहिजे, आणि शेवटच्या माणसाचं वजन त्यावर असताना मात्र सुटता कामा नये. या दोन परस्परविरोधी अटी एकाच वस्तूने पाळायच्या, ही सारी अडचण. सोडवता येणाऱ्या अँकरचं तंत्र म्हणजे या अटी पाळण्याच्या निरनिराळ्या युक्त्या.

सर्वांत साधी युक्ती माणसाची. एक जण खळग्यात किंवा धोंड्याआड पाय रोवून बसतो, दोर त्याच्या कंबरेच्या हार्नेसला, बाकीचे त्याच्यावरून उतरतात. तिथल्या बोलीत याला मांसाचा अँकर म्हणतात. मग तो स्वतः कसा उतरणार? तो दोराशिवाय, भिंतींना पाठ आणि पाय लावत चिमणी पद्धतीने उतरतो आणि खालचे त्याला झेलायला उभे राहतात. म्हणजे हा माणूस तुकडीतला सर्वांत चांगला आरोहक हवा. 1880 मध्ये गाडीमागे दोर धरणारे हेच करत होते.

दुसरी युक्ती दगडांच्या राशीची. स्लिंग एका धोंड्याला वेढून त्यावर आणि पुढे धोंडे रचायचे. किंवा वाळूत खड्डा करून त्यात भरलेली पिशवी आडवी पुरायची. भेगेत दोराची गाठच अडकवायची. यातल्या काही रचना सोडवता येतात, काहींत थोडी पट्टी मागे राहते.

मग सँडट्रॅप. झायनच्या घळींवर मार्गदर्शक पुस्तक लिहिणारे टॉम जोन्स यांच्या इम्ले कॅन्यन गिअर या युटातल्या छोट्या कारखान्याने ही आणि अशी साधनं बाजारात आणली. जाड, खरबरीत कापडाचा एक तुकडा. तो कड्यापासून थोडा मागे, सपाट जागी पसरायचा, वर वाळूचा ढीग रचायचा आणि कापडाच्या बाजू वर घेऊन पुढे बांधायच्या. मुख्य दोर पुढच्या बाजूला. मागच्या कडेला वेगळी बारीक दोरी, जी खाली उतरल्यावर ओढायची. ती ओढली की कापडाची मागची कड उलटते, वाळू सांडते आणि रिकामं कापड घरंगळत खाली येतं. जिथे वाळू नाही पण पाणी आहे तिथे पिशवी पाण्याने भरतात. रांजणखळग्यांसाठी लहान पिशव्या निराळ्या, त्यांना पॉटशॉट म्हणतात. त्या वाळूने भरून खळग्याच्या पलीकडे फेकायच्या, त्या कडेपलीकडे अडकल्या की त्यांना बांधलेल्या दोरावरून स्वतःला वर ओढून घ्यायचं. जिथे पूर्वी भिंतीत छिद्रं पाडून आकडे अडकवत, तिथे आता पिशवी फेकून निभावतं.

वाळूचा ढीग माणसाला धरतो कसा, हा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. हिशेब समजावा म्हणून काही आकडे धरू. उतरणारा माणूस पाठपिशवीसह 80 किलोचा. दोर कड्यावर काटकोनात वळतो. त्या वळणावर घर्षणाचा गुणांक 0.4 धरला तर अँकरपर्यंत साधारण 43 किलोचीच ओढ पोहोचते. बाकीचा भार कड्याचा दगडच खातो. आता कापड आणि कातळ यांच्यातला गुणांक 0.5 धरला तर 43 किलोची ओढ थोपवायला 86 किलो वाळू हवी, म्हणजे अंदाजे 54 लिटर, मोठ्या तीन बादल्या. इथवर सगळं सुरक्षित वाटतं. पण जागा सपाट नसून कड्याकडे पंधरा अंश उतरती असेल तर त्याच वाळूची पकड निम्म्याहूनही कमी होते. उतरणाऱ्याने मध्येच एक झटका दिला आणि ओढ क्षणभर दुप्पट झाली तर सपाट जागेवरचा ढीगही सरकू लागतो. आणि कड्याची धार गोल, गुळगुळीत, शेवाळलेली असेल तर 43 चा आकडाच खोटा ठरतो.

म्हणून पद्धत अशी पडली की आधी जड माणसं उतरतात. ती उतरताना वर एक जण सँडट्रॅपच्या मागे बसून आपल्या शरीराचा आधार देतो, पण तो आधार सैल ठेवतो, म्हणजे ढीग स्वतःच्या बळावर धरतो की नाही हे दिसतं. जड माणूस उतरला आणि ढीग तसूभर हलला नाही, तर शेवटी सर्वांत हलका आणि सर्वांत शांतपणे उतरणारा माणूस आधाराशिवाय उतरतो. इंग्रजीत या पद्धतीला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘शेवटच्याचा धोका’ असा होतो. नाव प्रामाणिक आहे. पाच जणांची सुरक्षितता भक्कम झाली ती सहाव्याने जोखीम घेतली म्हणून. सोडवता येणाऱ्या अँकरबद्दल बोलताना साधनांची वर्णनं फार होतात आणि या सहाव्या माणसाबद्दल कमी बोललं जातं. मला त्याचा विचार पहिल्यांदा करावासा वाटतो. तुकडीत शेवटचं जायला तयार असलेला आणि त्या कामाचा असलेला माणूस नसेल, तर पिशवीत कितीही चांगलं साहित्य असलं तरी ती तुकडी या घळीसाठी तयार नाही.

फिडलस्टिक या काडीची युक्ती मला सर्वांत देखणी वाटते आणि सर्वांत नाजूकही. दोर झाडाभोवती किंवा चॉकस्टोनभोवती वेढून त्यात स्टोन नॉट नावाची साधी गाठ घालतात. ती गाठ एरवी लगेच सुटेल, पण तिच्यात वीतभर गुळगुळीत काडी खोचली की ओढीबरोबर ती आणखी आवळते. काडीच्या डोक्याला बारीक ओढदोरी. सगळे उतरले की ओढदोरी खेचायची, काडी निसटते, गाठ विरघळते आणि अख्खा दोर मोकळा होऊन खाली पडतो. पट्टी नको, कडी नको. दोर दुहेरी घ्यावा लागत नाही, त्यामुळे तितक्याच दोरात जवळजवळ दुप्पट खोल उतरता येतं. वाळवंटात पाणी पाठीवर वाहून न्यावं लागतं, तिथे दोराचं ओझं निम्मं होणं ही मोठी सोय. पण उतरताना ओढदोरी कशात अडकली, कोणाच्या पायाखाली आली, कोणी चुकून खेचली, तर काडी त्याच वेळी निसटेल. वजन मध्येच दोरावरून निघालं तर गाठ सैल पडते. म्हणून शेवटच्या माणसाची पाळी येईपर्यंत काडीला कॅराबिनरने अडकवून ठेवतात. शेवटच्यासाठी तो काढावाच लागतो. पुन्हा तोच सहावा माणूस.

आता मागे काही न ठेवण्याचा जो दावा आहे, तोही नीट तपासायला हवा. दोर खेचताना तो कड्याच्या धारेवर घासतो. वालुकाश्म मऊ. दर खेपेला थोडी वाळू झडते आणि बोटभर रुंद, पुढे तळहाताइतके खोल चर पडतात. झायनच्या गर्दीच्या घळींमध्ये असे चर कोणालाही दिसतात, आणि ते कधीच बुजत नाहीत. लोंबती पट्टी पुढचा माणूस कापून नेऊ शकतो, बोल्टही काढता येतो, चर मात्र भरून येत नाही. यावर उपाय हा की पट्टी लांब घ्यायची आणि कडी धारेच्या खाली आणायची, म्हणजे खेचताना दोर दगडावर घासत नाही. पण लांब पट्टी मागे राहणार. उलट काडीने किंवा सँडट्रॅपने उतरणारी तुकडी पट्टी ठेवत नाही, पण तिचा दोर किंवा कापड त्या धारेवरून खाली येणार. म्हणजे जिथे वर्षाला हजारो माणसं उतरतात तिथे चिंधी न ठेवण्याच्या हट्टापायी दगडाला कायमची जखम होऊ शकते. अशा घळीत योग्य जागी, धारेखाली बसवलेले दोन चांगले बोल्ट दगडाला सर्वांत कमी त्रास देतात, असं माझं स्पष्ट मत आहे. झायनमधल्या पाइन क्रीकसारख्या, बोगद्याच्या तोंडाशी सुरू होणाऱ्या, नवशिक्यांनी भरलेल्या घळीत वाळूचे ढीग रचत बसण्यात काही शहाणपण नाही. मागच्या तुकड्या गार पाण्यात कुडकुडत उभ्या राहतील, एवढंच होईल.

वेळेचा हिशेब तर सर्वांत कमी मांडला जातो. एक सँडट्रॅप भरून, तपासून, सर्वांना उतरवून, शेवटी ओढून घ्यायला सरावलेल्या तुकडीलाही बोल्टपेक्षा वीस मिनिटं अधिक लागली असं धरू. अशा दहा उतारांना तीन तास वीस मिनिटं होतात. हिवाळ्याकडे झुकलेल्या दिवसात घळीत उजेड आधीच कमी असतो. अंगावर वेटसूट असला तरी ओल्या माणसाला उभं राहून ही वाट बघायची असते. दोर खेचला की परतीची वाट संपलेली असते, तेव्हा अंधार पडला तर पुढेच जायचं किंवा तिथेच रात्र काढायची.

आणि एवढं सगळं करून, घळींमध्ये एका वेळी सर्वांत जास्त माणसं गेली ती अँकर सुटून गेली नाहीत. 12 ऑगस्ट 1997 रोजी ॲरिझोनात लोअर अँटेलोप कॅन्यनमध्ये 11 पर्यटक वाहून गेले. पाऊस वर, लांब पडला होता. त्या प्रदेशातही जुलै ते सप्टेंबरच्या पावसाला मान्सूनच म्हणतात. आपल्यासारखा तो महिनाभर लागून राहत नाही, दुपारी एका डोंगरावर तासभर कोसळतो आणि वीस किलोमीटरवर ऊन असतं. 14 सप्टेंबर 2015 रोजी झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले. कीहोल ही छोटी, सोपी, नवशिक्यांना सुचवली जाणारी घळ. उतार थोडे, अँकर माहितीचे. सकाळी त्यांनी रीतसर परवाना घेतला होता. त्याच दिवशी त्याच वादळाने जवळच्या हिल्डेल गावात गाड्यांमधल्या बायका-मुलांसह तेरा जणांचा बळी घेतला. बोल्ट की वाळू हा वाद घालणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख समोर ठेवावी. अँकरची निवड हा घळीतला दुसऱ्या क्रमांकाचा निर्णय आहे. पहिला निर्णय वर, मोटारीपाशी, आकाशाकडे बघून घ्यायचा असतो.

दूरस्थपणाचं काय? ॲरन राल्स्टनची गोष्ट आपल्याकडे डॅनी बॉइल यांच्या 2010 च्या चित्रपटामुळे, आणि त्याला ए. आर. रेहमान यांचं संगीत असल्यामुळे, अनेकांना माहीत आहे. 26 एप्रिल 2003 रोजी ब्लू जॉन घळीत त्याच्या हातावर चॉकस्टोन सरकला. तो एकटा होता आणि कुठे चाललो हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. 127 तासांनी हात कापून तो सुटला, एका हाताने वीसेक मीटर दोराने उतरला आणि चालत निघाला. चित्रपटात हाताचा प्रसंग लक्षात राहतो. घळीत उतरणाऱ्याने तो धोंडा लक्षात ठेवावा. वर्षानुवर्षं भिंतींत घट्ट दिसणारा असाच धोंडा आपण भरवशाचा अँकर म्हणून निवडतो. एव्हरेट रूएस हा वीस वर्षांचा चित्रकार-भटक्या 1934 मध्ये एस्कलान्टेच्या डेव्हिस गल्च भागात नाहीसा झाला. त्याची गाढवं सापडली, दगडावर कोरलेलं ‘निमो 1934’ सापडलं, तो सापडला नाही. आज उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं खिशात असतात, पण घळीच्या तळातून दिसणारी आकाशाची पट्टी इतकी अरुंद असते की संदेश जायलाही नशीब लागतं.

अशा दूरच्या घळींमध्येच सोडवता येणाऱ्या अँकरची खरी जागा आहे. रॉबर्स रूस्ट, एस्कलान्टेचे फाटे, सॅन राफेल स्वेल. वर्षाकाठी मोजक्या तुकड्या जातात, आधीच्या तुकडीने ठेवलेली पट्टी पुरात गेलेली असते आणि बोल्ट असला तर कोणी, कधी, कशाने ठोकला हे विचारायला माणूस नसतो. तिथे ज्याला वाळू, दगड, गाठ आणि स्वतःचं वजन वापरता येतं तोच पुढे जाऊ शकतो. बोल्टवर वाढलेला माणूस तिथे पहिल्या रिकाम्या कड्यावर अडकतो. आणि तिथली शांतता, माणसाची एकही खूण नसलेली भिंत, ही या घळींची सगळी श्रीमंती आहे. पुढच्या माणसालाही ती पहिल्यांदाच पाहिल्यासारखी मिळावी म्हणून तीन तास जास्त खर्चणं मला पूर्ण योग्य वाटतं.

कायद्याने मात्र याची सक्ती होऊ नये. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याने राखीव केलेल्या भूमीत मोटरवर चालणारी साधनं वर्ज्य आहेत, म्हणून तिथे बोल्ट ठोकायचा तर भोक हातानेच पाडावं लागतं. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा आणि वन सेवा या दोन्ही खात्यांनी असे अँकर ‘बांधकाम’ समजून मुळातच निषिद्ध धरण्याचा मसुदा आणला. आरोहकांनी तीव्र विरोध केला. 4 जानेवारी 2025 रोजी सही झालेल्या एक्सप्लोअर कायद्याने असे अँकर राखीव भूमीतही वापरता येतात हे मान्य केलं. हा निर्णय योग्य झाला. बंदी आली असती तर बोल्टवर शिकलेल्या हजारो माणसांवर एका दिवसात वाळूचे ढीग रचायची पाळी आली असती, आणि शेवटचा माणूस कोण हा प्रश्न कोणी विचारला नसता.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी काही जण सॉल्ट लेक, फिनिक्स किंवा सॅन होजेला राहतात, सह्याद्रीत दोर धरून वाढले आहेत आणि सुट्टीत युटाकडे वळतात. त्यांना माझं सांगणं आहे. बेसाल्टवरचा तुमचा अंदाज तिथे घेऊन जाऊ नका. पहिल्या दोन-तीन घळी बोल्ट असलेल्या, सोबतीला तिथला जाणकार असलेल्या निवडा. सँडट्रॅप विकत घेतलात तर तो आधी जमिनीपासून दोन मीटर उंचीच्या कठड्यावर भरा, सर्वांत जड माणसाला त्यावर लोंबकळू द्या, मग जागा थोडी उतरती घेऊन तो कधी सरकतो हे डोळ्यांनी पाहा. घळीच्या तोंडाशी पोहोचल्यावर दोर बांधण्याआधी तुमच्यातला शेवटचा कोण हे ठरवा, आणि त्याला नको म्हणायचं असेल तर तिथेच म्हणू द्या. दोर खेचण्याआधी वर काही राहिलं का ते एकदा विचारा. आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये क्षितिजावर कुठेही ढग चढताना दिसला, तर त्या दिवशी उतरू नका.